मटणासाठी मेंढी: खाली कोणती, वर कोणता नर, किती वजनाला विक्री? (मराठवाडा)

शिवार_कळंब

कळंब तालुका, जिल्हा धाराशिव. 60 दख्खनी मेंढ्या आहेत, त्यातल्या 12 पहिल्या वेताच्या. दिवसा माळावर आणि काढणी झालेल्या रानात चराई, संध्याकाळी गव्हाणीत तुरीची-हरभऱ्याची गुळी आणि थोडा खुराक. नर कोकरं आतापर्यंत बाजारात नजरेवर जायची. आता हैदराबादला माल पाठवणारा एक व्यापारी काट्यावर घ्यायला तयार आहे, पण त्याचं म्हणणं एकच: "हाडं जास्त, रान (मागची मांडी) सपाट." कुणी माडग्याळ सुचवतं, कुणी मंड्या, कुणी डॉरपर. मला नावावर किंवा दिसण्यावर जायचं नाही. सोललेल्या धडात मांस किती भरतं, त्याची प्रत कशी राहते आणि आपल्या उन्हात, चिखलात, चाऱ्याच्या टंचाईत ते जनावर टिकतं का, एवढंच बघायचं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

गोदाकाठ

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करा. मेंढी बदलायची नाही, नर बदलायचा.

दख्खनी मेंढी 25 ते 30 किलोची. मे महिन्यात वाळक्या पाल्यावर तग धरते, कोस-दोन कोस चालते, कोकरू सांभाळते. मेंढी जेवढी मोठी तेवढा तिचा रोजचा पोटाचा खर्च मोठा, आणि तो खर्च ती भाकड असतानाही सुटत नाही. 60 मेंढ्यांचं अंग 10-10 किलोनं वाढवलंत तर उन्हाळ्यात 600 किलो जादा जनावर पोसावं लागेल. नर मात्र 25-30 मेंढ्यांमागे एक लागतो. त्याला वेगळा खुराक, सावली, औषधपाणी देणं कुणालाही परवडतं. म्हणून मांसाचा गुण नराकडून घ्यायचा आणि टिकाऊपणा मेंढीकडून.

याला शास्त्राचाही आधार आहे. वाढीचा वेग, पाठीचा मांसल पट्टा, रानाची भरण, चरबीचं प्रमाण हे गुण बापाकडून कोकरात बऱ्यापैकी उतरतात, पहिल्याच पिढीत दिसतात. जुळी होणं, कोकरं जगणं, गाभ धरणं हे गुण निवडीनं फार सावकाश सुधारतात. तिथे दोन जातींच्या संकराचा जोम जास्त कामी येतो. दख्खनीवर मांसाचा नर लावला की दोन्ही पदरात पडतात.

मात्र एक पथ्य आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच मोडलं जातं. संकरित कोकरं सगळी विकायची. नर विकायचे तशाच माद्याही विकायच्या. देखणी मादी बघून मोह होतो, ती राखली जाते, तिच्यावर पुन्हा तोच नर चढतो आणि चार वर्षांत खांडीत ना दख्खनी उरते ना दुसरी कुठली जात. कोकरं लहान-मोठी होतात, व्यापारी पुन्हा नजरेवर भाव पाडतो.

आता जाती. तुमच्यासाठी ज्यांचा विचार होऊ शकतो त्यांच्याबद्दलच लिहितो.

माडग्याळ, मूळ सांगलीच्या जत तालुक्यातली. उंच, लांब मानेची, बाकदार नाकाची, पांढऱ्यावर तांबूस ठिपके. अंगावर लोकर नसल्यात जमा. कोकरू 3 ते साडेतीन किलोचं जन्मतं आणि झपाट्यानं वाढतं. तुमच्या मेंढीवर हा नर लावला तर तीन महिन्यांना दख्खनी जिथे 12 किलो भरते तिथे संकर 14-15 जातो. दोष असा की चौकट मोठी आणि पाय लांब; ही कोकरं 20-22 किलोला विकली तर तुमचा व्यापारी म्हणतो तेच होणार, हाडं जास्त. त्यांना 27-28 किलोपर्यंत नेलं तरच पाठ आणि रान भरतं. नाक बाकदार आहे म्हणून लाखांत गेलेल्या नराच्या वंशाचे पैसे मटणासाठी मोजू नका. नाकाचा आणि रानाचा काही संबंध नाही.

मंड्या म्हणजेच बन्नूर, कर्नाटकातली. बुटकी, रुंद, मागून बघितली तर दोन रानांमधली रेघ उलट्या 'यू'सारखी दिसते. मांसाच्या ठेवणीत आपल्या देशात हिला तोड नाही. पण अंगानं लहान. मोठा नरच 35 किलोच्या आसपास. दख्खनीवर लावल्यानं कोकराचं वजन फारसं वाढणार नाही, घडण सुधारेल. व्यापारी जिवंत वजनावर पैसे देणार असेल तर या सुधारणेचा पैसा त्याच्याच खिशात जातो. सोललेल्या वजनावर किंवा प्रतीवर जादा भाव ठरला असेल तरच मंड्या घ्या.

नेल्लोर आंध्रातली, तीही उंच आणि बिनलोकरीची. उन्हाला पक्की, हैदराबादच्या व्यापाऱ्याच्या ओळखीची, पण पायांनी लांब आणि अंगानं सडपातळ. वाढ मिळेल, भरण मिळणार नाही. रायचूर-कोप्पळकडची तांबडी केंगुरी टिकाऊ आहे आणि नांदेड-लातूरच्या लोकांना जवळ पडते. दख्खनीपेक्षा फार वेगळं धड मात्र तिच्याकडून मिळत नाही.

डॉरपर दक्षिण आफ्रिकेत 1930 च्या दशकात डॉरसेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन यांच्या संकरातून तयार झाली. कोरड्या मुलखासाठीच बनवलेली, लोकर स्वतःच गाळणारी, आखूड पायांची आणि ठासून भरलेली. शुद्ध नर महाग. 'डॉरपर' म्हणून जे विकले जातात त्यातले बरेच संकरित असतात. बापाची कागदपत्रं नसतील तर व्यवहार करू नका. ही जात लवकर चरबी धरते, त्यामुळे भरपूर खुराकावर जास्त दिवस ठेवली की धडावर पांढरा थर येतो.

शेपटीत चरबी साठवणाऱ्या जाती, म्हणजे दुंबा किंवा आवासी, मटणाच्या धंद्यासाठी नकोत. शेपटीची चरबी काट्यावर भरते, पण गिऱ्हाईक ती घेत नाही. शिवाय अशा संकरित मादीला साध्या शेपटीच्या नराकडून नैसर्गिक रेतन अवघड जातं.

सुरी_आणि_काटा

नांदेडकडून. हुकाला टांगलेलं धड रोज बघणाऱ्याच्या नजरेनं लिहितो.

उताऱ्याच्या (जिवंत वजनातलं किती टक्के सोललेलं धड निघतं त्याच्या) गप्पांमध्ये बहुतेक वाद या गोष्टीवरून होतात की कोणत्या वजनावर काढला. समजा मेंढरू चरून आल्या आल्या 30 किलो भरलं. रात्रभर चारा बंद, फक्त पाणी, सकाळी 28. सोलून, डोकं, पाय, कातडं आणि पोटातलं सगळं काढून गरम धड 13.4 किलो. भरल्या पोटावर हिशोब केला तर उतारा 44.7 टक्के, रिकाम्या पोटावर 47.9. जनावर तेच. एक म्हणतो 45, दुसरा 48, आणि दोघंही खरं बोलतात. गुळी-कडब्यावरच्या मेंढीच्या पोटात जिवंत वजनाच्या 15 ते 20 टक्के नुसता चारा-पाणी असतं. खुराकावरच्या कोकराचं पोट लहान, म्हणून उतारा आपोआप वर जातो. जात बदलण्याआधी हे समजून घ्या.

धडात मी काय बघतो? आधी मागून दोन्ही रानं. मधली फट अरुंद आणि गोलाकार असेल तर रान भरलंय. 'व्ही'सारखी खाली टोकदार उतरली तर नुसतं हाड. मग शेवटच्या बरगडीमागे आडवा काप दिला की चापाचा (पाठीच्या मांसल पट्ट्याचा) गोल दिसतो, तो रुंद हवा. बरगड्यांवर चरबीचा पातळ पापुद्रा हवा, खालचं तांबडं दिसत राहील इतपत. अजिबात नसेल तर मटण हवेनं काळवंडतं आणि वाळतं. बोटभर असेल तर कापून टाकावी लागते. गुर्द्याभोवती चरबीचा मोठा गोळा म्हणजे खुराक वाया गेला; ती चरबी कुणी मटणाच्या भावानं घेत नाही.

रंग फिका लाल असावा. गडद, चिकट, बोटाला ओशट लागणारं मटण जातीचं नसतं, वाहतुकीचं असतं. ते वेगळं लिहितो.

हटकर_मुखेड

गोदाकाठ दादा, दख्खनीला उगंच नावं ठेवायलेत लोक. "रान सपाट" म्हणतो तो व्यापारी, पण कोकरू कसं वाढलं ते कुणी बघतं का? पोळ्याला जन्मलेलं कोकरू दुधावर बरं असतंय, मग दिवाळीनंतर आईचं दूध आटतंय, शिमग्यापर्यंत नुसतं पोट भरायचं. त्यात हाड वाढतंय, मांस वाढत नाही. वर्षाचं झाल्यावर 24 किलोला विकलं की धड सपाटच दिसणार. तेच कोकरू तीन महिन्यांना दुधावरून तोडून खुराकावर शंभर दिवस ठेवा, साडेसहा महिन्यांत 22 किलो, आणि रान बघा मग.

दुसरं. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल दोन-दोन महिने सुकत नाही. जड अंगाच्या जनावराचे खूर सडतात. जतचा माळ कोरडा. तिथलं जनावर इथं सप्टेंबरात लंगडतंय हे ध्यानात ठेवावं.

पशुवैद्य_उदगीर

हटकर मामांचे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. पहिल्यावर भर घालतो, कारण 'कोणत्या वजनाला विकायचं' या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

वाढत्या कोकरात आधी हाड, मग मांस, शेवटी चरबी असा क्रम असतो. ज्या जातीचं पूर्ण वाढलेलं वजन मोठं, ती ठरावीक वजनाला कमी पिकलेली असते. म्हणून सगळ्या संकरांना एकच विक्रीचं वजन लावणं चूक. ढोबळ नियम असा: आई-बाप दोघांच्या जातींच्या पूर्ण वाढ झालेल्या नरांच्या वजनाची सरासरी काढा आणि तिच्या साधारण 60 टक्क्यांवर विका. दख्खनी नर 38 धरला तर 23 किलो. माडग्याळ 52 आणि दख्खनी 38, सरासरी 45, म्हणजे 27 किलो. मंड्याचा संकर 22 लाच तयार होतो, त्यापुढे ठेवलात तर चरबीच चढते. माद्या नरांपेक्षा लवकर चरबी धरतात, त्यांना दोन-तीन किलो आधी काढा.

विदेशी रक्ताबद्दल एक सावधगिरी. निळी जीभ हा रोग चावणाऱ्या बारीक चिलटांमुळे पसरतो, मराठवाड्यात त्याचा जोर पावसाळ्याच्या शेवटापासून थंडी पडेपर्यंत. ओठ-तोंड सुजतं, नाकातून घट्ट स्राव, खुराच्या वरच्या कडेला लालसर पट्टा, जनावर गुडघ्यावर चालतं. देशी मेंढ्यांपेक्षा विदेशी आणि संकरित जनावरांत तो जास्त जीवघेणा ठरतो. 50 टक्के रक्ताचं कोकरू सहा-सात महिन्यांत विकलं जातं, तेवढा धोका पेलता येतो. 75 टक्क्यांची मादी खांडीत ठेवणं म्हणजे दर पावसाळ्यात तोच धोका. लस पावसाळ्याआधी द्या. सोबत आंत्रविषाराचीही (आतड्यात विष तयार होण्याचा रोग), ती खुराकावरच्या कोकरांना सर्वांत महत्त्वाची. पहिल्यांदा देत असाल तर 14 दिवसांनी दुसरी मात्रा चुकवू नका.

खुरांसाठी 10 टक्के झिंक सल्फेटचं पायधुणं: 10 लिटर पाण्यात 1 किलो, टाकीत चार बोटं खोल, जनावरं पाच-दहा मिनिटं उभी करा. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) वापरू नका असं मी मेंढ्यांच्या बाबतीत आवर्जून सांगतो. तहानलेली मेंढी ते पाणी पिते, आणि तांबं मेंढीला फार लवकर बाधतं. त्याच कारणानं गायी-म्हशींचं खनिज मिश्रण किंवा कोंबड्यांचं खाद्य मेंढीला देऊ नये. तांबं महिनोन्‌महिने यकृतात साठत राहतं. मग एखाद्या दिवशी लांबचा प्रवास किंवा पाऊस यांचा ताण पडला की डोळे पिवळे, लघवी तांबडी आणि दोन दिवसांत खेळ खलास. असं धड पिवळं पडलेलं असतं, विकता येत नाही.

किनवटकर

नारी सुवर्णाबद्दल कुणी लिहिलं नाही. जुळी मिळाली तर मटण दुप्पट, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

गोदाकाठ

दुप्पट नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतलं फेकबी जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली. गरोळ स्वतः अगदी लहान, म्हणून पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून दख्खनीचा आकार परत मिळवावा लागला. या जनुकाची एक प्रत असलेली मेंढी बऱ्याच वेळा जुळी देते. प्रत आहे की नाही हे रक्ताच्या डीएनए तपासणीत कळतं, त्यामुळे नर घेताना तपासणीचा कागद मागा.

पण जुळं कोकरू एकुलत्यापेक्षा जन्मतः हलकं असतं आणि दूध वाटून पितं. मेंढीला व्यायच्या आधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे रोज 250-300 ग्रॅम खुराक मिळणार असेल तर जुळ्यांत फायदा आहे. नुसत्या चराईवर दोघांतलं एक जातं, राहिलेलं खुरटतं, आणि पुन्हा हाडांची तक्रार सुरू. धडाची प्रत या जनुकानं सुधारत नाही; मेंढीमागे विकाऊ कोकरं वाढतात, एवढंच. ज्यांच्याकडे पाणी आणि लसूणघास, दशरथ घास आहे त्यांनी खालच्या मेंढ्या नारी सुवर्णाच्या करून वर माडग्याळ लावावा, हे उत्तम जमतं. कोरडवाहू चराईवाल्यांनी घाई करू नये.

शिवार_कळंब

खूप उपयोगी. तीन प्रश्न. नर प्रत्यक्ष बघताना काय तपासायचं? पहिल्या वेताच्या 12 मेंढ्यांना माडग्याळ लावू का? आणि शंभर दिवसांचा खुराक नेमका कसा?

बालाघाट

नराचं मी लिहितो.

आधी चालवून बघा, सपाट जागेवर आणि कडक जमिनीवर. मागचे गुडघे एकमेकांना घासत असतील किंवा खूर वाकडे झिजले असतील तर तिथेच सोडा. तोंड उघडून खालचे दात वरच्या हिरडीवर नीट टेकतात का बघा. पुढे आलेला किंवा मागे गेलेला जबडा कोकरात उतरतो. वय दोन ते चार दाती, म्हणजे दोन ते चार कायमचे दात आलेला.

मग हात लावा. दख्खनीच्या लोकरीखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतं. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर पंजा ठेवा, अंगठा मणक्याच्या कण्यावर आणि बोटं बाजूच्या आडव्या हाडांच्या टोकांखाली. हाडांची टोकं टोकदार लागली आणि बोटं खाली सहज शिरली तर जनावर अशक्त. टोकं गोल लागली, दाबल्यावरच कळली तर ठीक, अंगाच्या भरणीला पाचपैकी गुण देतात त्यातली तीन गुणांची अवस्था. नर लावायच्या वेळी हीच हवी, मेंढ्यांचीही अशीच. टोकं सापडतच नसतील तर नर फार माजलाय, उन्हात काम करणार नाही. रुंद कंबर हवी, कारण चाप तिथूनच येतो. दोन्ही रानांच्या आतल्या बाजूनं हात घालून मांस गुडघ्याच्या किती खालपर्यंत उतरलंय ते चाचपा.

शेवटी वृषणं. दोन्ही सारखी, घट्ट, गाठ नाही, पिशवीत मोकळी हलणारी. सर्वांत रुंद जागी टेप लावून घेर मोजा. दोन वर्षांच्या माडग्याळ नरात 28 सेंटीमीटरच्या खाली असेल तर घेऊ नका. एकाच नराकडे 30 मेंढ्या असतील आणि तोच कमजोर निघाला, तर ते वर्षच गेलं.

नर लावायच्या काळात त्याच्या छातीला गेरू गोड्या तेलात कालवून चोळा. रात्री वाघरात (जाळीच्या कुंपणात) पाठीवर लाल डाग असलेल्या मेंढ्या मोजा आणि लिहून ठेवा. मेंढीचा माजाचा फेरा 17 दिवसांचा, म्हणून 17 दिवसांनी रंग बदला, काजळी किंवा निळा रंग वापरा. पहिल्या रंगाच्या मेंढ्यांवर बऱ्याच संख्येनं दुसरा रंग दिसायला लागला तर त्या उलटल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या, नरात खोट आहे. हे तीन आठवड्यांत कळतं, नाहीतर पाच महिन्यांनी कळेल.

पहिल्या वेताच्या मेंढ्यांना माडग्याळ नको. डोकं मोठं, छाती खोल, कोकरू अडकतं. त्यांना लहान डोक्याचा, शांत दख्खनी नर लावा.

पशुवैद्य_उदगीर

खुराकाचं. कोकरं 90 दिवसांना तोडा, त्याआधी तिसऱ्या आठवड्यापासून मेंढ्या शिरणार नाहीत अशा आडोशाला थोडा भरडा चाटायची सवय लावा. तोडल्यावर आठवडाभरानं जंतनाशक आणि मग हे मिश्रण: मका भरडा 50 किलो, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड 20, तूर चुनी 15, गव्हाचा कोंडा 12, मेंढ्यांचं खनिज मिश्रण 2, मीठ 1.

सुरुवात प्रत्येकी 50 ग्रॅमनं, दर तीन-चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवत 350-400 पर्यंत, दोन वेळांत विभागून. आधी सुका चारा, मग खुराक. गव्हाणीची लांबी कोकरामागे एक फूट तरी हवी, नाहीतर धीट कोकरं दुसऱ्यांचा वाटा खातात आणि तीच आधी मरतात. घाई केली की पोटात आम्ल वाढतं. कोकरू दात खातं, पातळ आंबूस हगतं, कोपऱ्यात उभं राहतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनच्या खळ्यावर किंवा मक्याच्या ढिगाशी सुटलेल्या कोकरांनाही हेच होतं. खाण्याचा सोडा 10-15 ग्रॅम पाण्यातून पाजा, दाणा बंद, कडबा चालू आणि डॉक्टरांना बोलवा.

नर कोकरांत मुतखडा ही दुसरी अडचण. धान्य-कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहावं म्हणून मिश्रणात 1 किलो चुनखडी पावडर घाला आणि कोंडा 11 करा. पाणी सावलीत ठेवा. उन्हात तापलेलं पाणी ती कमी पितात. कोकरू वारंवार ताणतंय, थेंब-थेंब लघवी, पोटाखाली सूज दिसली तर तासांत हालचाल करा.

वाढ रोज साधी दख्खनी 100 ग्रॅम, माडग्याळ संकर 120 ग्रॅमच्या आसपास धरा. दर 15 दिवसांनी सकाळी उपाशीपोटी टांगत्या काट्यावर वजन. दोन वजनांत 60 ग्रॅमच्या खाली वाढलेलं कोकरू वेगळं काढा, लेंडी तपासा. त्याला शंभर दिवस पोसण्यात अर्थ नाही.

हटकर_मुखेड

खच्चीकरणाचं विचारलं नाही कुणी. आमच्याकडं सगळेच करायलेत.

सुरी_आणि_काटा

मामा, सहा-सात महिन्यांना विकणार असाल तर करू नका. न खच्ची केलेला नर झपाट्यानं वाढतो, मांस जास्त, चरबी कमी. वर्षाच्या पुढे ठेवला तर मटणाला उग्र वास येतो, तेव्हा खच्ची केलेला बरा. बकरी ईदसाठी वर्षभर राखणार असाल तर कान, शिंग, डोळा शाबूत ठेवा. ओळखीसाठी कानाला खाच मारलेलं जनावर तिथे मागे पडतं.

आता प्रत बिघडवणाऱ्या गोष्टी, ज्या पैदास करणाऱ्याला दिसत नाहीत पण सोलल्यावर दिसतात. लोकर धरून उचललेल्या मेंढीच्या कातड्याखाली रक्त साकळतं, पंजाएवढे निळे डाग. एक हात हनुवटीखाली, दुसरा मांड्यांमागे, असंच उचला. सुई रानात देऊ नका. तिथे गाठ होते, पू धरतो, आणि सर्वांत महाग तुकडा फेकावा लागतो. मानेवर द्या. जंतनाशक किंवा प्रतिजैविक दिलं असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस संपल्याशिवाय विकू नका.

माळावरची कुसळी पिकली की तिची टोकं लोकरीतून कातड्यात आणि पुढे मांसात घुसतात, छातीच्या मांसात काळ्या रेघा सापडतात. दख्खनी आणि तिचे संकर विकायचे असतील तर पावसाळा संपता-संपता कातरून घ्या आणि कुसळीचा माळ टाळा. बिनलोकरी संकराचा हा एक मोठा फायदा आहे. सोलताना लोकरीचे केसही मटणाला कमी लागतात.

वाहतूक. रात्रभर ट्रकमध्ये उभं राहून, धक्के खाऊन आलेलं मेंढरू लगेच कापलं तर अंगातली साखर संपलेली असते, मांसात आम्ल तयार होत नाही आणि मटण गडद, चिकट राहतं; लवकर खराब होतं. उतरवल्यावर पाणी, सावली आणि रात्रभर विसावा दिला तर बराच फरक पडतो. वेगवेगळ्या खांडींतले नर एकत्र भरू नका, वाटेत टकरा घेत जातात. आणि शिवार भाऊ, काटा कुठे लावायचा ते आधी ठरवा. तुमच्या वाड्यावरचं वजन आणि हैदराबादला उतरल्यावरचं वजन यात 6 ते 10 टक्क्यांची घट सहज येते. ती कुणाच्या खात्यात जाणार हे बोली करताना बोललं गेलं नाही तर जात बदलून कमावलेलं तिथेच जातं.

शिवार_कळंब

ठरवलं असं: दोन माडग्याळ नर घेतो, पहिल्या वेताच्या 12 सोडून बाकी 48 ना लावतो. बरोबर ना?

गोदाकाठ

नाही, थांबा. मग पुढच्या वर्षी बदली मेंढ्या कुठून आणणार?

60 मेंढ्यांत दरवर्षी पाचवा हिस्सा, म्हणजे 12 म्हाताऱ्या, दात पडलेल्या, कास बिघडलेल्या काढाव्या लागतात. शंभर मेंढ्यांमागे तोडणीपर्यंत 85 कोकरं हाती लागली असं धरा, त्यात माद्या निम्म्या. 12 शुद्ध दख्खनी माद्या मिळवायला निदान 28-30 मेंढ्यांना दख्खनी नरच लावावा लागेल. म्हणजे पहिल्या वेताच्या 12 आणि जुन्यांतल्या सर्वांत चांगल्या 18 दख्खनी नराकडे. उरलेल्या 30 माडग्याळकडे, त्यालाही नर एकच लागेल. चांगल्या मेंढ्या संकराला आणि उरलेल्या शुद्ध पैदाशीला असं उलटं करू नका, नाहीतर खालची खांडच दरवर्षी घसरेल.

दख्खनी नर निवडताना फक्त धिप्पाड बघू नका. ज्याच्या आईनं वेळेवर गाभ धरला आणि कोकरू नीट वाढवलं तो घ्या. त्यासाठी तीन महिन्यांचं वजन एका मापात आणायला हवं, कारण सगळी कोकरं एकाच दिवशी 90 दिवसांची होत नाहीत. हिशोब सोपा: तोडणीच्या वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, 90 नं गुणा, जन्मवजन परत मिळवा. जन्माला 2.8, 102 व्या दिवशी 15 किलो, तर 90 दिवसांचं वजन 13.6. 80 व्या दिवशी 13 भरलेलं कोकरू वरवर हलकं वाटतं, पण जन्मवजन तेवढंच धरलं तर त्याचं 14.3 येतं. तेच पुढे आहे.

दख्खनी नर दर दोन वर्षांनी बदला, पोरींवर बाप चढू देऊ नका. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची पडेगाव, तीर्थ, अंबाजोगाई, मुखेड ही केंद्रं तुमच्या टापूत आहेत, तिथे नराची चौकशी करा. राज्य सरकारच्या महामेष योजनेत बसत असाल तर 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर मिळतो. तिथेही नर आंधळेपणानं घेऊ नका, बालाघाटांनी सांगितलं तसं हात लावून घ्या.

शिवार_कळंब

समजलं. एक दख्खनी, एक माडग्याळ, 30-30. दोन गट रात्री वेगळ्या वाघरात आणि दिवसाही वेगळे चारायचे का?

हटकर_मुखेड

पस्तीस दिवस तरी वेगळेच, म्हणजे दोन फेरे होतात. माणूस कमी असेल तर दिवसा नर बांधून ठेवा, मेंढ्या एकत्र चारा, आणि सांजच्याला गट पाडून नर आपापल्या वाघरात सोडा. संध्याकाळी आणि पहाटेच ते जास्त काम करत्यात. गट ओळखायला एका गटाच्या शिंगाला नाहीतर कपाळाला रंग लावा. पाठीवर लावू नका, गेरूचा डाग कळणार नाही.

बालाघाट

आणि पस्तिसाव्या दिवशी दोन्ही नर काढून घ्या. सगळी कोकरं पाच आठवड्यांच्या आत जन्मली तरच एका वजनाचा गट व्यापाऱ्याला एकदम देता येतो. 25 कोकरं आपापल्या विक्रीच्या वजनात एकदम आली तर तो गाडी घेऊन दारात येतो.